त्याची पाठ

चौथीच्या पुढं मी शाळा बघितली न्हाई, पण पाठ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. फडात ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. माझ्या धाकट्या चुलतभावाची पाठ मला कधी लावता आली न्हाई. खटकचिंचोळीच्या तालमीत त्याला लंगोट बांधायला मीच शिकवलं. पण विशी गाठली तसा तो माझ्या हाताखालून निसटायला लागला. पुढं राज्याची कुस्ती मारून आला. गावानं हलगी लावून मिरवलं. मागून मी पण चाललो, चाललो नसतो तर लोकांनी माझं जळणं ओळखलं असतं.

मग बीदरच्या किल्ल्यात सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांना पहिलवान पाहिजे होते. आम्ही दोघं गेलो. काम काय, तर हीरोनं नुसता हात लावायचा आणि आपण उताणं पडायचं. हीरोचं मनगट माझ्या अंगठ्याएवढं. असल्याच्या हातानं माझी पाठ लागणार न्हाई म्हणालो आणि बस धरून घरी आलो. भाऊ थांबला. पडला. तीस वर्षं झाली, हैदराबादला सिनेमात पडायलाय. घोड्यावरून, माडीवरून, काचेतून.

त्याचा एक सिनेमा मी कुणाला न सांगता बसवकल्याणला जाऊन बघितला. हीरोनं त्याला उचलून आपटलं तशा थेटरात शिट्ट्या वाजल्या. जी पाठ मला जन्मात लावता आली न्हाई, ती त्या काडीपहिलवानाला आयती.

यंदा जत्रेला तो आला. सगळे फोन काढून त्याच्याभोवती. मला कुणी बसा पण म्हणालं न्हाई. मग मी बोललोच, "पडून पडून मोठा झालास की रं. कुस्ती इसरलास का?"

तो चिडला न्हाई. शर्ट काढला, फडात उतरला आणि माझ्यापुरतं हळू म्हणाला, "अण्णा, या. टाका मला. मी पडतो."

माझं वय सदुसष्ट. तरी उतरलो. लोकांनी रिंगण केलं. मी त्याच्या कंबरेला हात घातला. एके काळी दगडासारखं अडणारं ते अंग माझ्या हातात हलकं झालं. टाचा उचलल्या होत्या त्यानं. मी नुसतं वळायचं बाकी होतं.

मी हात काढून घेतला.

मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला उचलंना. लोक हसले. भाऊ खरं सांगायला गेला तसा मी त्याचा दंड दाबला. "गप," म्हणालो.

तो शर्ट घालायला वळला तेव्हा त्याची पाठ मी जवळून बघितली. काचेच्या, दगडाच्या, कसल्या कसल्या खुणा होत्या. माझी त्यात एक पण न्हाई.