टोपी तीनदा दिसली

आधी एक दुरुस्ती. आमच्या खर्डीच्या वाचनालयाच्या गेल्या अंकात मी लिहिले होते की, सुमनबाईंनी वृत्तवाहिनीचा खोटेपणा उघडा पाडला. बाईंनी असे काही केले नव्हते. ते वाक्य माझे होते आणि चुकीचे होते. पंच्याहत्तरी गाठणाऱ्या बाईंचा गौरव त्या वाक्यावर उभा राहू नये.

माझी पहिली शाळा घरातच भरली. आत्या सांगेल ते पाटीवर लिहायचे, उलट विचारायचे नाही. त्यामुळे टीव्हीवरचे निवेदकही मला घरातल्या मोठ्यांसारखेच वाटत. बाईंची ओळख झाली वाचनालयात, निवडणुकीच्या दिवसांत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई सातच्या बातम्यांना सगळ्या पक्षांच्या लोकांना एकाच सतरंजीवर बसवत. बातमी संपली की टीव्ही बंद आणि फळ्यावर दोन रकाने: ‘दिसलं’ आणि ‘सांगितलं’. खडू माझ्याकडे, कारण माझे अक्षर बरे.

एकदा आमच्याच मैदानावरची एका उमेदवाराची प्रचारसभा दाखवली. “जनसागर उसळला,” निवेदक म्हणाले. मी ते ‘दिसलं’खाली लिहिले.

“सागर कुठे दिसला गं?” बाईंनी विचारले.

त्याच उमेदवाराचे खंदे समर्थक धर्माकाका सभेला गेले होते. ते म्हणाले, “सागर ऱ्हाऊ द्या बाई, माझी लाल टोपीच टीव्हीवरून तीनदा गेली! मी तर जागचा हाललो पन नाय.”

“म्हंजी तुमी एकटेच तिघं!” मागून कोणीतरी टोमणा मारला. सगळे खळखळून हसले, काकाही.

मी उत्साहाने लिहिले, ‘मैदान रिकामे होते.’

“रिकामं दिसलं का तुला?”

“नाही.”

“मग पूस. टोपी तीनदा दिसली, एवढंच लिही.”

फळा मी पुसला. अंकात मात्र काकांच्या टोपीचा दाखला देऊन रिकामे मैदान लिहिले, वर वाहिनीचा खोटेपणाही. विरोधी कार्यकर्त्यांनी ते पान मोबाइलवर गावभर फिरवले आणि काका यायचे थांबले. वाटेत भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, “माज्या हसन्याची तू बातमी केलीस गो.”

बाई रागावल्या नाहीत. घरी बोलावून त्यांनी मला गरम तांदळाची भाकरी वाढली. मी रडत होते. “रडून फळा पुसला जात नाही,” त्या हसून म्हणाल्या. “आधी जेव. मग जिथे लिहिलंस, तिथेच दुरुस्त कर.” सतरंजीवरची काकांची खिडकीजवळची जागा त्या आजही कोणाला देत नाहीत.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांची सतरंजी माणसांना अपुरी पडो.

हा अंक शनिवारी पंच्याहत्तरीच्या समारंभात बाईंच्या हाती जाईल. त्याआधी धर्माकाकांच्या ओट्यावर बसून मी हे पान त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि सातच्या बातम्यांना माझ्यासोबत चला, अशी विनंती करणार आहे. येत्या शुक्रवारी, संध्याकाळी सहा वाजता.