कल्ला उघडून बघा

नवरा मासेमारीच्या मचव्यावरून समुद्रात पडून वारला, तेव्हापासून चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाईने एकच हट्ट धरला होता. लेकीच्या डोक्यावर मासळीची टोपली चढू द्यायची नाही. तरी पहाटे मासळीचा माल घ्यायला लेक मंजुळा सोबत यायचीच. ती दहावी झाली, आणि सत्त्याऐंशी साली वागळे इस्टेटीतल्या एका स्विचच्या कारखान्यात हेल्पर मुली हव्यात असं कळलं. आवडाबाई धंदा जावेवर टाकून लेकीबरोबर निघाली.

"आये, तू गेटवरच थांब हां," मंजुळा म्हणाली.

"थांबते गं. खाते का मी तुझे साहेबाला?"

पण उकाड्यामुळे केबिनचं दार उघडं होतं, आणि आवडाबाई हळूहळू दाराशी सरकली.

सुपरवायझर सुधीरसमोर बायोडाट्यांचा गठ्ठा होता. सगळे स्टेशनजवळच्या एकाच टायपिंग क्लासातून आलेले. स्वभाव मेहनती, छंद वाचन. नाव तेवढं निराळं.

"वाचन आवडतं?"

"नाही सर. टायपिंगवाल्याने सगळ्यांचं तेच टाकलंय."

सुधीरला हसू आलं, पण त्याने कागद बाजूला सारला. "अनुभव नाही, कोर्स नाही. मी काय बघून घेऊ तुला?"

मंजुळाची मान खाली गेली. आवडाबाईला राहवेना.

"ओ साहेब! बाजारात पापलेट घेता ते कागद वाचून घेता काय? कल्ला उघडून बघता, बोटाने दाबून बघता. पोर समोर उभी हाय. बसवा कामाला, बघा. नाय पटली तर धाडा परत."

"आये!" मंजुळा लाजेने लाल झाली.

सुधीरने बायोडाट्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग त्याने हाक मारली, "सरोजताई, हिला कामाच्या बाकावर घ्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू."

जुन्या कामगार सरोजताईंनी स्विचला वायर जोडायला कथलाचा डाग कसा द्यायचा ते दाखवलं. मंजुळा कामाला लागली. काही डाग बरे बसले. मग एका स्विचवर डाग द्यायची तापलेली इस्त्री जास्त वेळ टेकली आणि प्लॅस्टिक वितळलं. बाजूलाच तयार मालाचा ट्रे होता. सरोजताईंची पाठ होती; जळका स्विच त्यात सरकवला असता तर कळलंही नसतं. मंजुळाने तो स्विच उचलला आणि सरोजताईंपुढे धरला.

"ताई, हा माझ्याकडून जळला."

दारातून बघणाऱ्या आवडाबाईने कपाळावर हात मारला. झालं! लागत आलेली नोकरी पोरीने स्वतःच्या तोंडाने घालवली. खरं तर कालची मासळी कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची नाही, हे तीच लेकीला शिकवत आली होती. पण आज तिला तो सगळा शहाणपणा नकोसा झाला.

सुधीर जवळ आला. जळका स्विच त्याने उलटसुलट पाहिला.

"मागे दोघी चांगल्या मार्कांच्या घेतल्या होत्या. त्यांनी जळके स्विच ट्रेत लपवले, ते गिऱ्हाइकाकडून परत आले," तो म्हणाला. "सोमवारी साडेआठला ये. डाग सरोजताई शिकवतील."

आवडाबाईने पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि साहेबाला नमस्कार करायचा राहूनच गेला.

गेटबाहेर आल्यावर ती म्हणाली, "उद्या मी एकलीच माल घ्यायला जाईन. तू झोप."

"उद्या रविवार आहे, आये. गिऱ्हाइकांची झुंबड असते. येते मी."

"नको बोलले ना एकदा!" आवडाबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला.

मंजुळाने तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.