बादलसाठी रजेची तारीख

माझं शेवटचं पोस्टिंग जम्मूकडच्या मिलिटरी हॉस्पिटलात, नर्सिंग ऑफिसर म्हणून. मेढ्याकडचा नाईक विलास पायाला जखम होऊन तिथे आला. सुरुंग हुडकणारा त्याचा लॅब्रडोर बादल दोन दिवस वॉर्डाबाहेर बसून होता. पुढे बादल निवृत्त झाला, विलासची सर्व्हिस बाकी होती. मी वडूजला परतले होते. रीतसर अर्ज करून बादलला घरी आणलं.

एका सकाळी सहा वाजता पट्टा घालताना त्याच्या जबड्याखाली दोन गाठी हाताला लागल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासणी केली. चार दिवसांनी रिपोर्ट आला : लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर.

"किती दिवस?"

"मॅडम, तसं सांगता येत नाही."

"जवानांच्या घरच्यांना वीस वर्षं मी हेच सांगितलंय. आकडा द्या."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. उपचार केले नाहीत तर महिना-दीड महिना. केमोने वर्षभरही निघतं, पण त्याचं वय आणि हृदय पाहता झेपणार नाही. स्टेरॉइडवर दोन-तीन महिने.

"ही सरासरी झाली. आणि चांगले दिवस सुरुवातीचेच असतात."

संध्याकाळी विलासला फोन करून सगळं सांगितलं.

"मॅडम, कवा येऊ, तारीख सांगा. पंधराच दिवस रजा उरलीया. दीड महिन्यानं बहिणीचं लगीन हाय. दोन्ही एकात बसंल का?"

हिशेबाने बसत होतं. तरी मी म्हणाले, "आत्ता ये."

"आन् लगीन?"

"तुझ्या जागी मी जाते."

तो आला तोवर स्टेरॉइडने गाठी उतरल्या होत्या. बादल फाटकापर्यंत धावत गेला.

"ह्यो आजारी व्हय? माझ्यापरीस झकास पळतोय गड्या."

विलास हसत होता. चुकीचा सल्ला दिला असेन तर बहिणीचं लग्न त्याला परत मिळणार नव्हतं. जाताना त्याने बादलचा पट्टा सैल केला. "ड्यूटी संपली की आमी पट्टा काढतो, मॅडम. ध्यानात ठेवा."

त्यानंतर रोज सकाळी सहाला मी गाठी चाचपायचे. औषध सुरू केल्यापासून पाचव्या आठवड्यात त्या परत आल्या.

लग्नाच्या दिवशी मेढ्याला जाऊन अक्षता टाकल्या, जेवायला न थांबता परतले. विलासचा फोन आला.

"हाय का अजून?"

"आहे. उठत नाही. पाणीही चमच्याने."



"मग बरं झालं. मी पळताना बघितला."

दोन दिवसांनी डॉक्टर घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देऊन गेले. सकाळचे नऊ वाजले होते. बादलला विहिरीशेजारच्या बांधाला पुरलं. त्याआधी पट्टा काढला.