मतरची शपथ आणि दुसऱ्यांसाठी ठेवलेला दोर

मतर बिन घसिबच्या सीटमागे एक जाड दोर कायम पडलेला असायचा, आणि हा दोर आपल्यासाठी नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. त्या दोराने त्याने ओमानमधल्या आपल्या निम्म्या बिदिया गावाच्या गाड्या वाळूतून ओढून काढल्या होत्या. पर्यटकांच्या, पोलिसांच्या, एकदा तर लग्नाला निघालेल्या नवरदेवाची. कुणाची गाडी कुठे रुतली होती आणि तो माणूस किती रडकुंडीला आला होता, सगळं तोंडपाठ. त्या नवरदेवाला आता नातवंडं झाली होती, तरी मतर त्याला भर मजलिशीत विचारायचा, "काय रे, पोचलास का लग्नाला?"

वाळू त्याला कळायची, यात खोटं काही नाही. डांबर संपलं की तो उतरायचा, चारही टायरची हवा सोडायचा आणि दाब न मोजता, टायरच्या फुगलेल्या पोटाकडे नुसतं बघून "बस" म्हणायचा. कुठल्या चढाला लांबून वेग घ्यायचा, कुठे पाय हलका ठेवायचा, माथ्यावर पोचताना किती आधी वेग सोडायचा म्हणजे पलीकडे उडून पडत नाही, हे त्याला विचार न करता जमायचं. फक्त त्याबद्दलचं कौतुक ऐकायला तो जरा जास्तच वेळ बसायचा.

त्यातूनच ती शपथ झाली. ईदच्या जेवणाला, आजोबांचंच नाव ठेवलेला थोरला मुलगा घसिब नेहमीचं रडगाणं घेऊन बसला होता. "बाबा, अडुसष्ट झालात. उंट विकून टाका. बिदियात घर आहे, एसी आहे. एक दिवस कुठेतरी अडकून बसाल."

"मी? अडकून?" मतरने हातातलं हाड ताटात टाकलं. "ज्या दिवशी मला ओढायला दोर लागेल ना, त्या दिवशी किल्ली सोडली. वल्लाह! उंटही मग तुझे, वीक नाहीतर लोणचं घाल."

वीस माणसांनी ऐकलं. रय्या, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "साक्षीदार मात्र भरपूर जमवलेत."

ही गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातली. उंट वाळूच्या पलीकडे घाफच्या झाडांपाशी होते, बावीस, त्यातली एक नुकतीच व्यालेली. कालपासून त्यांची टाकी कोरडी होती. मतर आणि रय्या पाण्याची टाकी गाडीवर चढवून पहाटेच निघाले होते. पण वाटेत मावसभावाने कॉफीला हाक मारली. कॉफी म्हणजे खजूर आला, खजूर म्हणजे गप्पा आल्या. वाळूला लागेपर्यंत अकरा वाजले आणि सकाळची घट्ट वाळू पिठासारखी भुसभुशीत झाली.

"आता तरी कुणाला भेटू नका," रय्या म्हणाली.

"इथे कोण भेटणार?"

मोठ्या चढाच्या मध्यावर हुमैद भेटला. मतरचा बालमित्र, वयाने चार महिने मोठा, आणि ते चार महिने कधी विसरू न देणारा. तो वरून खाली येत होता. त्याने गाडी थांबवून काच खाली केली.

भरल्या गाडीने मऊ चढावर थांबायचं नसतं, हे मतर पस्तीस वर्षं लोकांना शिकवत आला होता. पण मोठ्या माणसाने काच खाली केली आणि आपण धूळ उडवत निघून गेलो, तर संध्याकाळपर्यंत त्याची चर्चा बिदियात. मतर थांबला.

"सलाम अलैकुम, अबू घसिब!" थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची ही तिथली रीत. "कसा आहेस?"

"बरा. तू कसा? घरचे?"

"सगळे बरे. काय खबर?"

"काही खबर नाही. तुझ्याकडे?"

"काहीच नाही बाबा."

ही काहीच नसलेली खबर वीस मिनिटं चालली. कुणाची उंटीण व्याली, कुठे गवत आहे, कोण कुणाला मुलगी द्यायला तयार नाही. इंजिन घरघरत होतं आणि मागची चाकं पाण्याच्या ओझ्याने हळूहळू खाली चालली होती. रय्या दोनदा खोकली.

"चला, निघतो," म्हणून मतरने गिअर टाकला. गाडी हलली नाही.

"सरळ मागे घ्या," रय्या हळूच म्हणाली. "आपल्याच चाकोरीने खाली जाऊ आणि पुन्हा वेग घेऊ."

तेच बरोबर होतं. पण हुमैद बघत होता. त्याच्यासमोर मागे जायचं? मतरने पाय दाबला. मागे वाळूचं कारंजं उडालं, क्लचचा जळका वास आला आणि गाडी पोटावर बसली.

मग त्याने सगळं करून पाहिलं. आणखी हवा सोडली. फावड्याने चाकांपुढची वाळू उपसली. जेवढी उपसली तेवढी वरून घसरून आली. हुमैदही गुडघे टेकून उपसत होता, कारण टोमणा मारायच्या आधी मदत करायची असते. तासाभराने दोघे म्हातारे गाडीच्या सावलीत धापा टाकत बसले.

"माझ्या मते," हुमैद म्हणाला, "टाकीचा नळ सोड. पाणी गेलं की गाडी हलकी. मागे घेतलीस की आपोआप निघेल. दोर नको, शपथ शाबूत. आणि मी कुणाला बोलणार नाही."

हुमैदच्या पोटात काय राहतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचं बाकीचं बोलणं खरं होतं. मतर उठला, मागे गेला आणि त्याने नळावर हात ठेवला. पाणी सोडलं तर किल्ली वाचते. पण परत बिदियाला जायचं, टाकी भरायची, पुन्हा यायचं, म्हणजे संध्याकाळ. या उन्हात, पिल्लाला पाजणारी उंटीण, कोरड्या टाकीशी उभी. रय्या गाडीतून त्याच्याकडे बघत होती. तिकडच्या बायका घालतात त्या नाकावरच्या मुखवट्यातून तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि त्यात या वेळी चेष्टा नव्हती.

त्याने नळावरचा हात काढला. "सीटमागे दोर आहे," तो म्हणाला. "आण."

हुमैदने गाडी खाली उतरवली, दोर मागे बांधला आणि मतर बिन घसिबला उलट्या तोंडाने चढावरून खाली ओढून आणलं. मग लांबून वेग घेऊन मतर एका दमात वर चढून गेला. माथ्यावर फोन लागतो, म्हणून तिथेच थांबून त्याने घसिबला स्वतः सांगितलं. हुमैदच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं. मग उंटांना पाणी पाजलं. त्या उंटिणीने टाकीतून तोंड वर काढलंच नाही, आणि मतरला रडू आलं. डोळ्यांत वाळू गेली असं तो म्हणाला. रय्याने ते मान्य केलं.

शुक्रवारी मुलं जेवायला आली. मतरने जेवण होताच किल्ली चटईवर ठेवली. कुणी हात पुढे करेना. घसिबला तर कुठे बघावं कळेना. जिंकल्यावर असं वाटेल हे त्याला माहीत नव्हतं.

"उंटांचं गिऱ्हाईक बघतो मी," शेवटी तो पुटपुटला.

"कशाला?" म्हणत रय्याने किल्ली उचलली. "शपथ यांनी घेतली होती. मी कुठे घेतली होती?"

"आई, तू वाळूत गाडी चालवणार?"

"तुझे बाबा आठ वर्षं सलालाला फौजेत होते, तेव्हा उंटांना पाणी काय पोस्टाने जायचं? तू माझ्या मांडीवर असायचास, तुझी आजी मागे शेळ्यांत."

मतरला आठवलं. तो फौजेतून परतला त्या दिवशी तो सरळ स्टिअरिंगला जाऊन बसला होता. ती काही न बोलता दुसऱ्या दाराकडे गेली होती. ती कधी रुतली होती का, हे त्याने आजवर विचारलं नव्हतं.

"नाही," विचारल्यावर ती म्हणाली. "एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे, वाटेत कुणाची कॉफी न घेता, ती वाळूला लागली. मतर शेजारच्या सीटवर बसला होता.

"हवा अजून सोड."

"बस आहे."

"इथे वेग घे. अगं, वेग! डावीकडून... नको, गिअर बदल. आता माथा आला, पाय..."

रय्याने पाय नेमका तिथेच उचलला होता. गाडी माथ्यावर अलगद टेकली आणि पलीकडे उतरू लागली.

"अबू घसिब," ती समोर बघतच म्हणाली, "डांबर संपून चार मिनिटं झालीत. त्या सीटवरून छत्तीस वर्षांत मी एवढ्या सूचना केल्या नाहीत."

मतर दाराची कडी घट्ट धरून बसला.