दाबून धरायचं नाही

बारा वर्षं मी वेबसाइटी बनवल्या, विजय नगरच्या एकाच ऑफिसात, एकाच खुर्चीवर बसून. मग एक दिवस सर म्हणाले, "वेबचं काम येणं बंद झालं, आता मोबाईलचे ॲप शिका. तीन महिने देतो. नहीं तो फिर देखते हैं." या 'देखते हैं'चा अर्थ जबलपुरात शेंबड्या पोरालाही कळतो. चाळिशीच्या बाईला या शहरात दुसरी अशी नोकरी कोण देऊन राहिलं?

घाबरायला पाहिजे होतं, पण घाबरली नाही. आई गेल्यापासून माझं असंच झालं होतं. कोणी काही म्हटलं की "अच्छा" म्हणायचं आणि डबा उघडायचा. त्या दिवशी डब्यात दोडक्याची भाजी होती, तेवढं आठवते.

वेबवर माउस असतो. बाण बटनावर नुसता नेला तरी बटन रंग बदलते, म्हणजे हात न लावता माणसाला विचारता येतं, बाबा रे, इथं काय आहे? फोनवर तसलं काही नाही. बोट लागलं तर लागलं, आणि ज्याला लागलं तेच झाकून टाकते. बारा वर्षांची विद्या गेली पाण्यात! बोट टेकवणं, सरकवणं, दोन बोटांनी चिमटा काढणं, सगळं नव्यानं शिकली. दाबून धरणं मला फार पसंत पडलं. कारण दाबून धरलं की रद्द, असं ठेवलं तर रद्द करायचं वेगळं बटनच लागत नाही, स्क्रीन कशी साफ दिसते. सरही खूश झाले.

पहिलं काम मिळालं ते रिटायर कामगारांच्या एका सोसायटीचं. त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचं ॲप. डॉक्टरच्या वेळेवर बोट टेकवलं की नंबर लागतो, तिथंच दाबून धरलं की रद्द होतो. हे पास झालं तर माझी नोकरी पक्की.

बाबा फॅक्टरीत लोखंडी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते, आता रिटायर. रांझीच्या घरात आम्ही दोघंच. ॲप आधी त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी अंगठा ठेवला तो ठेवलाच, नख पांढरं होईस्तोवर. नंबर लागला आणि उडाला.

"लागला होता नं? गेला कुठं?"

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मी अशी भडकली की काही विचारू नका. "काहून दाबून धरता हो बाबा? दहा वेळा सांगितलं, नुसतं टच करा! डोक्यात शिरत नाही का?"

बाबांनी अंगठा बनियनला पुसला. "अच्छा बेटा," म्हणाले. मग बरोबर केलं. मी वहीत लिहिलं, टेस्ट पास.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा कार्यक्रम झाला. चौदा म्हातारे, सोसायटीचे सचिवजी, आमचे सर. बाबाही सोसायटीचे मेंबर, त्या चौदांत होते. अकरा जणांचे नंबर पटापट लागले. तिघांचे लागले आणि उडाले. त्यातल्या एकानं तर फोन उलटा करून मागं पाहिलं. सचिवजींनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे.

मी म्हटलं, "अंकल लोग थोड़ी प्रैक्टिस कर लेंगे तो हो जाएगा."

अकरांना जमलं म्हणजे चूक तिघांची, असा सरळ हिशेब. सचिवजींनी मान हलवली. सर म्हणाले, "चलो, पक्का." नोकरी राहिली. मला ना आनंद झाला ना काही. मी समोसा खाल्ला.

परत येताना बाबा स्कूटीवर मागं बसून, माझ्या खांद्यावर हात ठेवून मस्त बोलत होते. "तिघं राहून गेले नं! एक तिकडे खमरियाला, लांब पडते. दोघांच्या घराला कुलूप होतं."

"कशाचे राहून गेले?"

"अगं, चार दिवसांपासून एकेकाच्या घरी जाऊन शिकवून राहिलो होतो मी. तुझ्या नोकरीचा सवाल होता."

मी स्कूटी बाजूला घेतली.

"सगळे प्रेसवरचे," बाबा सांगू लागले. "दोन हातांनी दोन बटनं दाबून धरायची. प्रेस खाली येऊन वर जाईस्तोवर सोडायची नाहीत. हात बटनावर आहे, म्हणजे प्रेसखाली नाही. जिंदगीभर तेच केलं, बोट उचलायलाच तयार नाहीत लेकाचे! मग एकेकाला म्हटलं, भैया, घबराओ मत, इसमें छोड़ने से हाथ नहीं जाता."

मला लाज वाटली. चिडचीड सोडली तर इतक्या महिन्यांत काही वाटलं ते हेच, आणि चांगलं कडकडून वाटलं. तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, ॲप फेल आहे. ज्यांना जमलं त्यांना बाबांनी घरोघरी जाऊन शिकवलं होतं. बाकीच्यांचे नंबर रोज उडतील. चूक माझी आहे." सर सोमवारी केबिनमध्ये या म्हणाले.

"काहून सांगितलं?" बाबा ओरडले. "पक्कं झालं होतं नं! चार दिवस उन्हात फिरलो मी, कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग?"

मी स्कूटी चालू केली.

सरांनी पुढं आणखी पंधरा दिवस दिले. मी रद्द करायचं मोठं बटन वेगळं ठेवलं आणि नोकरी टिकली. पण त्या रविवारी बाबांना ते कुठं माहीत होतं! घर येईस्तोवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसले होते, दोन्ही हातांनी.