टाळांची पट्टी

आमच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. ह्यांनी निम्मं आयुष्य लग्नांत आणि मिरवणुकांत मोठ्या स्पीकरपुढं उभं राहून काढलं, मग काष्टी गावात ही खोली केली. आसपासची भजनी मंडळं इथं गाणी रेकॉर्ड करून नेतात. बाजाराच्या दिवशी काम बंद. बैलांचं हंबरणं गाद्यांतूनही आत येतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत मला बोलता येत नाही. पण गाणं मिसळायचं कसं, ते ह्यांनीच मला समजावलं. पखवाज तळाला, गाणाऱ्याचा गळा मध्ये, टाळ सगळ्यात वर. पखवाज फुगला की गळा बुडतो, टाळ वाढले की कानाला टोचतं. पडद्यावर पट्ट्या असतात, डावीकडं जाड आवाजाच्या, उजवीकडं बारीक आवाजाच्या. एखादी वर न्यायच्या आधी दुसरी खाली घेऊन बघायची, असं ते सांगत. काम झालं की मला स्टुलावर बसवून ऐकवायचे. मी मान हलवली की गाणं मंडळाकडं जायचं.

यंदा दिवाळीनंतर टाळ टोचायला लागले. उजवीकडची पट्टी दर गाण्याला थोडी आणखी वर. मी हळूच विचारलं, तर म्हणाले, आत्ता कुठं टाळ मोकळे वाजतायत. मी मान हलवली. तिथंच चुकलं.

मग कर्जतकडच्या एका मंडळाच्या बुवांचा फोन आला. टाळ वाजवलेत का पत्रा कापलाय, असं त्यांनी विचारलं. फोनवर हे हसले. ठेवल्यावर हसले नाहीत. हेडफोन बदलले, वायर बदलली, दोन गाद्या काढून पुन्हा ठोकल्या. पट्टी मात्र वरच राहिली.

चहा नेला की ते दचकू लागले. आधी मी दारात आले की पाठमोरेच कपासाठी हात पुढं करायचे. एका दुपारी असेच दचकले आणि म्हणाले, "अगं, आताशा पैंजण का घालत न्हाईस?"

पैंजणं पायातच होती, बारीक घुंगरांची. मी पाय साडीत ओढून घेतले. "तुटल्यात," एवढंच तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनाराकडं न्यायला ती मागितली. मी दिली. त्यांनी कडी न् कडी तपासली, काही तुटलेलं नव्हतं. मग एक पैंजण उजव्या कानाशी धरून हलवलं. डाव्या कानाशी हलवलं. पुन्हा उजव्या.

"वाजतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"वाजतंय."

नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही. आधी बारीक आवाज जातात, राहिलेलं जपा. तेव्हापासून उजवीकडची पट्टी माझ्या हातात आहे. मी ऐकते आणि ठरवते. टाळांपायी तुटलेली मंडळं पुन्हा यायला लागली आहेत.

काल एका बाईंचा अभंग होता. टाळ मी नीट बसवले. पण गाणं संपता संपता ह्यांनी मधली पट्टी, गळ्याची, थोडी वर नेली. मग आणखी थोडी. बरोबर आहे ना, म्हणून माझ्याकडं वळले.

या वेळी मी मान हलवली नाही. "जास्त हाय," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी खाली घेतली. माझं बोलणं संपलं होतं, तरी ते माझ्या ओठांकडंच बघत होते.