बैलांनी ओढलेली बॅटरीची गाडी

"दादा, बैल आना, गाडी जागची हालंना!" चुलतभाऊ बांधावरून ओरडत होता. त्याची नवी इलेक्ट्रिक मोटार आमच्या उसाजवळ बंद पडली, अन् महिनाभर जळणारं माझं काळीज बर्फासारखं गार झालं. बैल जुंपून मी ती गावातून अशी मिरवली, की निम्मा राहुरी तालुका बघायला लोटला. मारुतीच्या देवळाला तर मुद्दाम दोन फेऱ्या घातल्या. पंधरा दिवसांत कंपनीनं बिघडलेली बॅटरी काढून नवीकोरी बसवून दिली, तीही फुकट. ती गाडी ज्यानं ओढली तो दोर गोठ्यात दिसला, की अजून माझ्या पोटात दुखतं. नवी बॅटरी बसली तेव्हा मी बायकोला आशेनं विचारलं होतं, "आता तरी नीट चालती का गं त्याची गाडी?" "पह्यल्यापरीस लांब जाती," ती म्हणाली. "उद्या भावजी मला माहेरी सोडनार हायेत."